‘हलकं वाटतंय ना?’ – थेरपी घेणाऱ्याच्या मनात नेमकं काय चालतं, यावरचं संशोधन

शेवंती

आधी स्वतःचं सांगते, म्हणजे हा विषय मला इतका का लागला ते कळेल.

आई गेल्यावर वर्षभर मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. दर शनिवारी, साडेचारला. बाई मनाने फार चांगल्या. वेळ संपत आली की त्या विचारायच्या, ‘आता जरा हलकं वाटतंय ना?’ मी म्हणायचे, ‘हो.’ दर शनिवारी हेच. तिसऱ्या भेटीत मी आईच्या आजारपणातल्या एका निर्णयाबद्दल बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही स्वतःला माफ करायला हवं.’ मला माफी नको होती. हॉस्पिटलमधली ती एक रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला तरी सांगायची होती. पण त्या इतक्या आपुलकीने बोलल्या की ‘मला हे नकोय’ म्हणायला तोंड उघडलं नाही. उरलेलं वर्ष आम्ही माफीवर बोलत राहिलो. ती रात्र सांगायची राहूनच गेली.

नंतर मी बाहेरून मानसशास्त्रात एम. ए. करायला घेतलं. वाचता वाचता डेव्हिड रेनी या कॅनडातल्या संशोधकाचा १९९४ सालचा लेख हाती लागला आणि मी थांबलेच. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले हे गृहस्थ एक साधी गोष्ट करायचे. थेरपीचं सेशन टेपवर घ्यायचं. ते संपल्या संपल्या, आठवण ताजी असतानाच, क्लायंटने रेनींबरोबर बसून ती टेप ऐकायची. थेरपिस्ट तिथे नाही. जिथे काही आठवेल तिथे टेप थांबवायची आणि सांगायचं, की या क्षणी माझ्या मनात हे चाललं होतं. ही पद्धत मुळात नॉर्मन केगन यांनी साठच्या दशकात मिशिगनमध्ये बसवली होती. रेनींनी ती क्लायंटचं आतलं बोलणं ऐकायला वापरली.

आणि काय निघालं? टेपवर क्लायंट म्हणतोय ‘हो, बरोबर’. टेप थांबवून तोच माणूस सांगतोय, ‘मला ते पटलं नव्हतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी हो म्हटलं.’ कुणी म्हणतं, त्यांना काय अपेक्षित आहे ते ओळखून मी तसं बोललो. कुणी म्हणतं, त्यांच्याकडून चुकलं, पण माणूस आहे, चालायचंच. कुणाला वाटतं, यांनी आपल्यासाठी एवढं केलंय, आता यांच्यात खोट कशी काढू? रेनींच्या वर्गवारीत उपकाराच्या ओझ्याला स्वतःचा वेगळा कप्पाच आहे. या सगळ्याला त्यांनी जो शब्द वापरला त्याला मी मराठीत ‘मान राखणं’ म्हणेन. ‘भीड’ जास्त जवळचा वाटतो. भिडेखातर.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. क्लायंट नुसता ऐकून घेत नसतो, तो आतून गाडी हाकत असतो. नको त्या विषयाजवळ आलं की एखादी लांबलचक हकीकत सुरू करतो. थेरपिस्टला वाटतं, छान मोकळा झालाय. क्लायंटला माहीत असतं की आपण वळसा घेतोय. आणि कधी कधी त्या वळशातूनच तो स्वतःच्या हिशेबाने, स्वतःच्या वेळेला, मूळ जागी येऊन पोचतो.

मला हे वाचून रडू आलं. माझ्या शनिवारांबद्दल कुणीतरी टोरांटोत बसून लिहून ठेवलं होतं.

थोडा इतिहासही सांगते, म्हणजे चर्चेला बूड राहील. बंद खोलीत काय होतं ते पहिल्यांदा उजेडात आणलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी. १९४२ साली त्यांनी एका संपूर्ण थेरपीचा शब्दशः वृत्तांत छापला, ध्वनिमुद्रिकांवरून उतरवलेला. तोवर थेरपिस्टची आठवण हाच काय तो पुरावा. तरीही त्यानंतर बरीच वर्षं अभ्यास झाले ते बहुतेक थेरपिस्टच्या नाहीतर लक्षणांच्या बाजूने. ‘तुम्हाला काय वाटलं हो?’ हा प्रश्न मागेच राहिला.

मग १९७० साली मेयर आणि टिम्स या दोघांचा लंडनमधला अभ्यास आला. ही थेरपी नव्हती, कुटुंबांसाठीच्या एका संस्थेतलं समाजकार्य होतं, पण पद्धत मनोविश्लेषणाच्या वळणाची. येणारी माणसं कामगारवस्तीतली. बाई नवऱ्याची तक्रार घेऊन यायची. तिचं म्हणणं सरळ: चूक त्याची आहे, त्याला बोलावून दोन शब्द सुनवा. कार्यकर्ती मात्र तिला तिच्याच आयुष्याबद्दल, मागच्या गोष्टींबद्दल विचारायची. त्या बाईला हा उपचार आहे हेच कळायचं नाही. तिला वाटायचं, या बाईंना आपल्यात रस नाही, किंवा आपल्यावर विश्वास नाही. कार्यकर्तीला वाटायचं, ही सहकार्य करत नाही. दोघी एकाच टेबलाशी बसून दोन वेगळ्या कामांसाठी आलेल्या. लंडनच्या जागी आपलं कुठलंही कौटुंबिक सल्ला केंद्र डोळ्यासमोर आणा.

आणि १९७४ मध्ये अर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी एक वेगळाच प्रयोग छापला. लिहिणं अडलेली एक तरुण लेखिका त्यांची क्लायंट होती. फीऐवजी तिने प्रत्येक सेशननंतर आपलं टिपण लिहायचं, यालोम आपलं लिहिणार, आणि दर काही महिन्यांनी दोघं एकमेकांची टिपणं वाचणार. यालोमना आपण लावलेले जे अर्थ मोलाचे वाटत होते, ते तिच्या टिपणांत जवळजवळ नव्हतेच. तिच्या लक्षात राहिलं होतं त्यांचं प्रेमळ बोलणं, एखादं कौतुक, एखादी साधी आपुलकीची नजर.

इथे थेरपी घेतलेले, देणारे, दोन्ही असतील. तुम्ही कधी ‘हो’ म्हणून आत ‘नाही’ म्हटलंय का? सांगावंसं वाटलं तर सांगा.

मुक्काम_नाशिक

शेवंती, मी टेबलाच्या पलीकडची. अठरा वर्षं समुपदेशन करतेय. तुमचा लेख सकाळी वाचला, मग दिवसभरातल्या चारही भेटींत मी स्वतःलाच ऐकत होते. दोनदा मी ‘बरं वाटतंय ना?’ असंच विचारलं. त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं हे आज पहिल्यांदा कानाला लागलं.

तुम्ही सांगितलेल्या यालोमच्या गोष्टीला मोठ्या पाहणीचाही आधार आहे. सुसान लेवेलिन यांनी १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये थेरपिस्ट आणि क्लायंट अशा जोड्या घेतल्या आणि प्रत्येक सेशननंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, की आज सगळ्यात उपयोगी काय झालं? थेरपिस्ट म्हणाले, अमुक गोष्ट त्याच्या ध्यानात आली ते. क्लायंट जास्त करून म्हणाले, धीर मिळाला, आणि अडचणीवर काहीतरी वाट दिसली. आम्हाला शिकवताना ‘क्लायंटला उमगणं’ याला इतकं वर चढवून ठेवलेलं असतं, की धीर देणं हे काम आहे हेच विसरायला होतं. आमच्या आज्या ते रोज करायच्या.

गणिती

विषय चांगला आहे, पण थोडं थंड डोक्याने बघू. माणसाला ‘काय वाटलं’ यावरून उपचार लागू पडला की नाही हे ठरत नाही. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने आपल्या वर्गणीदारांची पाहणी १९९५ मध्ये छापली. १,८०,००० जणांना प्रश्न गेले. मानसिक आरोग्याचा भाग भरून आला सुमारे ७,००० जणांकडून, आणि त्यातले २,९०० जण प्रत्यक्ष मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांकडे गेलेले. बहुतेक म्हणाले, खूप फायदा झाला. मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून थेरपी परिणामकारक असल्याचं लिहिलं. पण उत्तर कोण पाठवतं? ज्याला बरं वाटलं तो. आणि तुलनेला दुसरा गट नाहीच. थेरपी न घेता तेवढ्याच काळात किती जण आपोआप सावरले असते?

शिवाय शेवंती, तुमच्याच सांगण्यावरून क्लायंट भिडेखातर ‘हो’ म्हणतो. मग त्याच्या सांगण्यावर संशोधन उभं कसं करायचं?

शेवंती

गणिती, पाहणीवरचे दोन्ही आक्षेप मान्य. म्हणूनच मला ती पाहणी फारशी जवळची नाही. ‘समाधान झालं का?’ विचारणं आणि ‘या क्षणी मनात काय होतं?’ विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. रेनींकडे माणसं मोजकी होती आणि त्यातून टक्केवारी काढायचा हेतूही नव्हता. ‘हो’च्या मागे काय काय असू शकतं याचा तो नकाशा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की भीड थेरपिस्टपुढे असते, तिसऱ्यापुढे कमी. क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दीर्घकाळ चाललेल्या थेरपीतल्या लोकांना असंच मागाहून विचारलं. ६५ टक्के क्लायंटनी सेशनमध्ये काहीतरी न बोलता ठेवलं होतं, आणि काय ठेवलंय याचा अंदाज थेरपिस्टना क्वचितच आला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ब्लँचर्ड आणि फार्बर यांनी ५४७ जणांना निनावी विचारलं, त्यात ९३ टक्के म्हणाले की आपण थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोललोय. हा २०१६ चा अभ्यास. सगळ्यात जास्त लपवलेली गोष्ट कुठली? व्यसन नाही, लैंगिक गोष्टही नाही. ‘मला किती वाईट वाटतंय’ हे. ५४ टक्क्यांनी ते कमी करून सांगितलं होतं. ज्या दुखण्यासाठी गेलो तेच झाकायचं!

आणि थेरपिस्टला सगळं दिसतं म्हणाल, तर मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये छापलेला अभ्यास बघा. ५५० क्लायंट. थेरपिस्टना विचारलं, यातल्या कुणाची तब्येत थेरपी संपेपर्यंत बिघडलेली असेल? त्यांनी तिघांची नावं सांगितली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. त्या तिघांतला एकच बरोबर निघाला.

गणिती

चाळिसातला एक. हा आकडा मी विसरणार नाही. तो अभ्यास शोधून वाचतो.

लीड्सकर

पहिल्यांदाच लिहितोय. इथे इंग्लंडमध्ये मी बारा सेशन घेतली. प्रत्येक वेळी आधी एक फॉर्म भरायचा, नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन. एकूण २७ पैकी किती, ते संगणकावर आलेखात दिसतं. माझी थेरपिस्ट तरुण मुलगी होती, फार मेहनत घ्यायची. रेघ खाली आली की तिचा चेहरा खुलायचा. पाचव्या आठवड्यापासून मी रेघ खाली आणायला लागलो. खरंच सांगतो, तिच्यासाठी. झोप तेव्हाही पहाटे तीनलाच मोडत होती.

दुसरं म्हणजे भाषा. मी कामात दिवसभर इंग्रजीच बोलतो, अडत नाही. पण ‘जीवाला घोर लागलाय’ हे तिला कसं सांगू? मी म्हटलं, काळजी वाटते. तिने लिहून घेतलं, काळजी. बाबांच्या आजारपणात मला काळजी नव्हती वाटत, घोर लागला होता. ते दोन्ही एक नाहीत, आणि हे समजावून सांगण्याइतका जोर तेव्हा अंगात नव्हता.

शेवंती

लीड्सकर, तुमच्या ‘तिच्यासाठी’वर मी बराच वेळ अडकले. ते लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

मांडवीकाठ

मी पणजीची. घोरावरून आठवलं, आमच्याकडच्या आरोग्य केंद्रात ‘डिप्रेशन झालंय’ म्हणत कुणी येत नाही. अंग दुखतं, झोप नाही, टेन्शन आहे, असं सांगतात. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने नेमकं तिथूनच काम सुरू केलं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ही संस्था काढली. त्यांचा २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, तीव्र नैराश्याचे जवळपास पाचशे रुग्ण. समुपदेशन करणारी माणसं डिग्रीवाली नव्हती. आधी या क्षेत्राचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिकांना तयार केलं होतं. सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. बंद पडलेली रोजची कामं, माणसांतलं येणं-जाणं हळूहळू परत सुरू करायचं, हा गाभा. तीन महिन्यांनी त्या गटात ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलेलं होतं, नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. गणिती, इथे तुलनेचा गट आहे बरं का.

मला त्यात आवडलेली गोष्ट अशी, की भेटींचं ध्वनिमुद्रण करून समुपदेशकांनीच एकमेकांचं काम ऐकायचं, गुण द्यायचे, चर्चा करायची. शेवंतीच्या त्या टेपचा हा गोव्यातला चुलत भाऊ. फक्त टेपपाशी क्लायंटलाही बसवलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

उंबरठा

सगळेच भिडेबद्दल लिहितायत. माझा अनुभव निराळा आहे. मी ‘नाही’ म्हटलं होतं. समुपदेशकाने मला सासूशी जुळवून घेण्याचे उपाय द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला हे नकोय, घरात मारहाण होते. उत्तर मिळालं, ‘हा तुमचा बचावाचा पवित्रा आहे.’ मी उठून आले. त्यानंतर चार वर्षं कुणाकडेच गेले नाही, कारण मला वाटलं, दोष माझ्यातच असणार.

थेरपीने नुकसानही होतं, हे कुणी मोजलंय का?

शेवंती

उंबरठा, तुमचं ते ‘नाही’ समुपदेशकाने ऐकून घ्यायलाच हवं होतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

मोजलंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये माइक क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी १४,५८७ लोकांना विचारलं. २०१६ साली छापून आलं. ५.२ टक्के लोकांनी सांगितलं की थेरपीचा टिकून राहिलेला वाईट परिणाम झाला. वांशिक अल्पसंख्याकांत आणि समलिंगी-उभयलिंगी लोकांत हे प्रमाण जास्त होतं. वीसातला एक. औषधाच्या खोक्यात दुष्परिणामांचा कागद असतो, थेरपीच्या पहिल्या भेटीत तो कुणी देत नाही. द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मुक्काम_नाशिक

उंबरठा, मी त्याच पेशातली आहे आणि वाचून मान खाली गेली. मारहाण ऐकल्यावर सगळ्यात आधी सुरक्षिततेचं बोलायचं असतं. बाकी सगळं मागून.

शेवंती, एक मुद्दा राहिलाय. आपल्याकडची भीड आणि टोरांटोची भीड एकच का? जसवंत सिंग नेकी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये लिहिलं होतं, की भारतीय माणूस थेरपिस्टकडे गुरूसारखा बघतो, तर त्या गुरु-शिष्य नात्यालाच उपचाराचा पाया का करू नये? मला ते एके काळी फार पटायचं. आता वाटतं, गुरूला शिष्य ‘तुमचं चुकलं’ कधी म्हणेल? माझ्याकडची माणसं निघताना पाया पडतात. पाया पडणाऱ्या माणसाकडून मी कसला प्रामाणिक अभिप्राय मागणार?

गणिती

आठवडाभर वाचन केलं, म्हणून परत आलोय. थेरपिस्ट-क्लायंटचं जुळणं आणि निकाल यांवर २०१८ साली फ्लूकिगर आणि इतरांनी २९५ अभ्यास एकत्र केले. सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.२८ च्या आसपास. त्या आकड्याचा वर्ग केला तर निकालांतला आठ टक्के फरक त्याने समजतो. ऐकायला थोडं, पण या क्षेत्रात इतक्या सातत्याने दिसणाऱ्या गोष्टी फार नाहीत.

आणि हायडी लेव्हिट यांनी २०१६ मध्ये क्लायंटच्या अनुभवांवरचे १०९ अभ्यास एकत्र वाचले. त्यात मला एक गोष्ट भावली. फी, ठरलेली वेळ, घड्याळ, या चौकटीमुळे क्लायंटला भरवसा वाटतो की इथे काम शिस्तीत होतं. आणि त्याच चौकटीमुळे शंकाही येते, की ही माया खरी की पैशाची? दोन्ही एकाच वेळी. हे कुठल्याही प्रश्नावलीच्या आकड्यात आलं नसतं, हे मी मान्य करतो.

कोरा_कागद

सगळा धागा वाचला. येत्या मंगळवारी माझं पहिलं सेशन आहे. बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. न पटलं तर नेमकं काय बोलायचं, कुणी एक वाक्य देईल का?

लीड्सकर

मला आज जायचं असतं तर म्हटलं असतं, ‘आत्ता मी हो म्हणालो, पण ते पूर्ण खरं नव्हतं.’ एवढंच.

उंबरठा

आणि ते ऐकून घेतलं नाही तर दुसरीकडे जा. चार वर्षं थांबू नका.

मुक्काम_नाशिक

तीन आठवड्यांनी कळवतेय. आता मी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवते आणि विचारते, ‘आज माझं कुठलं बोलणं बरोबर लागलं नाही?’ पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ‘तसं काही नाही मॅडम’ म्हटलं. दुसऱ्या आठवड्यातही. परवा एक आजोबा, दोन वर्षं येतायत, दारापर्यंत जाऊन परत फिरले. म्हणाले, ‘मी बोलताना तुम्ही लिहायला लागलात की मला वाटतं, माझं काहीतरी चुकलं. मग मी पुढचं सांगत नाही.’

दोन वर्षं. वही आता खणात ठेवलीय. टिपणं ते गेल्यावर काढते.

कोरा_कागद

जाऊन आलो. चाळीस मिनिटं नोकरीबद्दल बोललो, बॉसबद्दल, प्रमोशनबद्दल. त्या नीट ऐकत होत्या. मला मधेच शेवंतीताईंचा तो वळसा आठवला. पाच मिनिटं राहिली होती तेव्हा म्हटलं, ‘खरं तर मी नोकरीसाठी आलो नाहीये.’

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.

पुढचा मंगळवार ठरलाय.